आधी मस्टर मागा: कोकणात मालकांचा कामगार-सल्लागार होऊ पाहणाऱ्या नव्या वकिलासाठी

चिपळूणला ऑफिस थाटून मला पस्तीस वर्षं होत आली. अशील बदलले, त्यांच्या गाड्या बदलल्या, पण खुर्चीत टेकल्यावरचं पहिलं वाक्य काही बदललं नाही. "साहेब, एकाला काढून टाकलाय. आता काय काय करायला लागेल?"

जे काय करायचं ते काढण्याआधी करायचं होतं, हे तेव्हा सांगून उपयोग नसतो. माणूस घाटातून गाडी हाकत आलेला असतो, रागात असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात एक कागदही नसतो. लोट्यातला रसायन कारखानदार असो, मिरकरवाड्यातला ट्रॉलरमालक असो की तारकर्लीतला रिसॉर्टवाला, कागद न करण्यात सगळे सारखेच पटाईत.

याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. कोकणातल्या मालकाच्या घरात कूळकायद्याची गोष्ट अजून सांगितली जाते. १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला, कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं, आणि ज्या घरांची जमीन गेली त्यांनी त्यातून एकच धडा घेतला: कोणाचं नाव कागदावर लागू द्यायचं नाही. कसणाऱ्याला जमीन मिळाली ते योग्यच झालं असं मी मानतो, पण तो मुद्दा वेगळा. मुद्दा असा, की तोच धडा नातवाने आज कोळंबीच्या कारखान्याला लावला आहे आणि तिथे तो नेमका उलटा पडतो. कामगार कायद्यात कागद नसला की नुकसान मालकाचं होतं. या कामात तुम्हाला रोज हीच एक गोष्ट वेगवेगळ्या तोंडांना वेगवेगळ्या भाषेत पटवायची आहे. कलमं त्यानंतर येतात.

पायरी पहिली: गोष्ट नंतर ऐका, आधी मस्टर मागा

पहिल्या भेटीत अशिलाला अर्धा तास बोलू दिलंत तर तो तुम्हाला कामगाराचं व्यसन, त्याचा मेव्हणा, त्याने गेल्या शिमग्याला केलेला तमाशा, सगळं सांगेल. त्यातलं फारसं काही कोर्टात चालत नाही. म्हणून चहा येईपर्यंत ऐका आणि मग मागणी करा: मस्टर म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक, नेमणुकीचं पत्र, रजेचे अर्ज, उचलीची वही, पीएफची चलनं.

सिंधुदुर्गातल्या एका अशिलाने मला दिलेलं उत्तर मी आजही ज्युनिअरना ऐकवतो: "मस्टर कित्याक व्हया, वकिलानू? तो काय कामगार न्हय, घरचोच माणूस तो!" घरच्याच त्या माणसाने सोळा वर्षं काम केलं होतं आणि तो लेबर कोर्टात गेला होता. लक्षात ठेवा, 'घरचाच माणूस' हे शब्द कानावर पडले की तिथे कागद नाही आणि खटला मोठा आहे.

कायद्यात सुरुवातीचं ओझं कामगारावर असतं. आपण वर्षभरात २४० दिवस काम केलं (तेवढे भरले की नोटीस-भरपाईशिवाय काढता येत नाही) हे त्याने दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हदिमणी प्रकरणात सांगितलं. नवे वकील हा निकाल वाचून खूश होतात आणि तिथेच थांबतात. पुढे २००६ चा यल्लाट्टी निकाल आहे. कामगार पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगतो की मी काम केलं, मालकाचं मस्टर मागवा. मालकाने ते आणलंच नाही, तर परिस्थिती पाहून कोर्ट त्यातून मालकाविरुद्ध अनुमान काढू शकतं. 'मस्टर वाळवीने खाल्लं' हे उत्तर कोकणात खरंही असू शकतं, पण न्यायाधीशांनी ते इतक्या वेळा ऐकलेलं असतं की खरं सांगणाराही खोटा ठरतो. अशिलाला लोखंडी कपाट घ्यायला लावा आणि दर महिन्याच्या पानाचा फोटो मेलवर पाठवायची सवय लावा. अंगठ्याचं मशीन बसवलं असेल तर पावसाळ्यातल्या नोंदी नीट तपासा. दमट हवेत आणि वीज गेल्यावर ही मशीनं आठवडेच्या आठवडे मुकी होतात. मग जुलैत कामावर असलेला माणूस कागदोपत्री गैरहजर दिसतो आणि उलटतपासणीत ते बाहेर येतं.

पायरी दुसरी: डोकी मोजा

कोणता कायदा लागतो हे बरंचसं संख्येवर ठरतं. दहा कामगार झाले की ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, कर्मचारी राज्य विमाही साधारण दहापासून, आणि वीस झाले की पीएफ आणि बोनस. मालक मोजतो तेव्हा ठेकेदाराची माणसं, 'ट्रेनी', स्वयंपाकी, रात्रीचा राखणदार, यांना सोडून मोजतो. तुम्ही त्यांना धरून मोजा, मग कोणाला कुठल्या कायद्यात वगळता येतं ते बघा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि काही आकडे मोठे झाले. स्थायी आदेश, म्हणजे आस्थापनेतल्या नोकरीच्या अटींचे लेखी नियम, महाराष्ट्रात ५० कामगारांना लागत, औद्योगिक संबंध संहितेत ते ३०० वर गेले. छाटणी किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी १०० कामगारांपासून लागत होती, तीही ३०० वर गेली. कोकणातल्या फार थोड्या आस्थापना त्या आकड्याला पोचतात, म्हणून मालक मंडळी सध्या खुशीत आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, वेतनाची व्याख्या बदलली. मूळ पगार नावापुरता दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची युक्ती आता चालत नाही, भत्ते निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. दोन, नेमणूकपत्र सक्तीचं झालं. आजोबांची भीती नातवाला सोडावी लागणार, निदान कायद्यापुरती तरी.

जुनी पुस्तकं मात्र रद्दीत घालू नका. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा यांच्याखाली दाखल झालेली प्रकरणं तुमच्या टेबलावर वर्षानुवर्षं राहतील. शिवाय खाली सांगतो ती तत्त्वं न्यायालयांनी जुन्या कायद्यावर घडवली असली तरी नव्या संहितेतही त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

पायरी तिसरी: हंगाम म्हणजे नेमके किती दिवस?

कोकणात प्रत्येकजण हंगामी असतो. आंबा हंगामी, मासेमारी हंगामी, पर्यटन हंगामी. म्हणून कामगारही हंगामी, असं मालकाचं गणित. इथे तुम्ही पेन घेऊन बसलात तर पहिल्याच वर्षी नाव कमवाल.

रिसॉर्टचं उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीपासून मे अखेरपर्यंत माणसं ठेवायची आणि पावसाळ्यात घरी पाठवायची ही रूढ पद्धत आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे हे दिवस मोजा. ३१, ३०, ३१, ३१, २८, ३१, ३०, ३१. एकूण २४३. मालक म्हणतो, आठवड्याची सुट्टी वजा करा की! ती वजा होत नाही. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणाच्या सुट्ट्याही 'काम केलेल्या' दिवसांत धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात ठरवून टाकलं. म्हणजे ज्या वेटरला मालक 'आठ महिन्यांचा हंगामी' म्हणतो, त्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात २४० दिवसांची रेषा ओलांडलेली असते. जूनमध्ये त्याला नुसतं 'आता नको' म्हणून सांगणं ही कायद्याच्या भाषेत छाटणी होऊ शकते, आणि नोटीस व भरपाई नसल्यामुळे बेकायदा छाटणी.

यावर गावातला अकाउंटंट जो उपाय सांगतो तो त्याहून घातक असतो: दर दोन-तीन महिन्यांनी पाच दिवसांचा ब्रेक द्या, मस्टरवर नाव बदला, भावाच्या नावाने हजेरी लावा. वर्षानुवर्षं माणसाला तात्पुरता किंवा बदली म्हणून ठेवणं, आणि ते कायम कामगाराचे हक्क टाळण्याच्या हेतूने करणं, ही अनुचित कामगार प्रथा आहे. १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ती सहाव्या क्रमांकावर होती, नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही ती आहे. सारख्या अंतराने आलेले पाच-पाच दिवसांचे ब्रेक बघितले की कोर्टाला हेतू वेगळा सिद्ध करून द्यावा लागत नाही.

आता दुसरी बाजू, कारण कामगारांकडचे वकीलही इथे गफलत करतात. २४० दिवस भरले म्हणजे माणूस आपोआप कायम झाला, ही समजूत चुकीची आहे. २४० दिवसांनी त्याला एक वर्षाची सलग सेवा मिळते, आणि त्यामुळे नोटीस-भरपाईशिवाय काढता येत नाही, एवढंच. कायम करण्याचा हक्क महाराष्ट्रात आला तो आदर्श स्थायी आदेशांच्या ४-क या कलमातून. साध्या आस्थापनेत २४० दिवस, हंगामी स्वरूपाच्या आस्थापनेत १९०. जिथे स्थायी आदेश लागतच नव्हते तिथे, म्हणजे पंधरा माणसांच्या त्या रिसॉर्टमध्ये, हे कलम दाखवून कायम करण्याची मागणी टिकत नाही. हा फरक नीट मांडता आला तर सुनावणीचा अर्धा दिवस वाचतो.

मग खरोखरचा हंगाम कुठे आहे? आंब्याच्या कॅनिंगमध्ये आहे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत भट्ट्या पेटतात, आंबा संपला की कारखान्यात मांजर फिरतं. अशा ठिकाणी हंगाम संपल्यावर माणसं घरी गेली तर ती छाटणी नव्हे. मोरिंडा साखर कारखान्याच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. पण त्याच निकालाची पुढची ओळ मालक वाचत नाहीत: हंगामी कामगारांची नोंदवही ठेवा आणि पुढच्या हंगामात ज्येष्ठतेने बोलवा. माझ्या प्रत्येक कॅनिंगवाल्या अशिलाकडे मी ही वही सुरू करून घेतो. नाव, वाडी, पहिला हंगाम, दरवर्षीचे दिवस. मार्चमध्ये त्याच क्रमाने निरोप पाठवायचा. निरोप पोचल्याची नोंद ठेवायची. एवढं केलं की 'माझ्याऐवजी मुकादमाची भाची घेतली' ही तक्रार उभीच राहत नाही. आणि तशी तक्रार आली तर बहुधा ती खरी असते.

मालकाला ठरावीक मुदतीचीच माणसं हवी असतील तर मुदतीची नेमणूक उघडपणे करा. संहितेने तिला स्पष्ट जागा दिली आहे: तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती, आणि वर्षाची सेवा झाली की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीसुद्धा. हे महाग पडतं अशी कुरकुर होईल. होऊ द्या.

कोळंबी सोलणाऱ्या बायकांबद्दल एक वेगळी सूचना. त्यांना किलोवर पैसे मिळतात म्हणून मालक त्यांना कामगारच समजत नाही. उक्त्या दराने काम करणारा माणूसही कामगार असू शकतो. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग प्रकरणात नगावर शिवणाऱ्या शिंप्यांबाबत हा प्रश्न सुटला. जागा मालकाची, सुरी-टोपल्या मालकाच्या, माल नापास करण्याचा अधिकार मालकाचा. मग किलोचा दर किमान वेतनाच्या खाली जातो का, हे आधी तपासा. हंगामाच्या ऐन भरात नाही, माल कमी येतो त्या दिवसांत तपासा.

पायरी चौथी: गणपतीला गेला, तो आलाच नाही

माझ्याकडच्या फायलींत ही गोष्ट इतक्यांदा आहे की फायलीच्या कव्हरवर मी फक्त 'गणपती' असं लिहितो. कामगार चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावी जातो. पाच दिवसांची रजा तोंडी. गौरी जातात, अनंत चतुर्दशी होते, घटस्थापना येते, माणूस नाही. फोन लागत नाही. मालक दुसरा माणूस घेतो. दिवाळीनंतर पहिला माणूस गेटवर उभा! मालक म्हणतो, तू स्वतःच काम सोडलंस. कामगार म्हणतो, मला गेटवर अडवलं.

कोर्टात कामगार जिंकण्याची शक्यता जास्त. काम सोडलं हे माणसाच्या हेतूवर ठरतं, नुसत्या गैरहजेरीवर नाही. १९९३ च्या डी. के. यादव प्रकरणात तर स्थायी आदेशातच लिहिलं होतं की आठ दिवसांपेक्षा जास्त बिनरजा राहिल्यास नाव आपोआप कमी होईल. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चौकशी न करता आणि बाजू मांडायची संधी न देता नाव कमी करता येत नाही. कामगार परत कामावर आला, निम्म्या मागील पगारासकट.

म्हणून पत्रं पाठवा, आणि ती अशी पाठवा.

पहिलं पत्र गैरहजेरीच्या आठव्या-दहाव्या दिवशी. भाषा साधी. 'आपण दिनांक अमुकपासून पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर आहात. हे पत्र मिळताच कामावर हजर व्हावे. आजारी असल्यास डॉक्टरांचा दाखला पाठवावा. आपली जागा आपल्यासाठी खुली आहे.' शेवटचं वाक्य अशील खोडतो. तुम्ही ते पुन्हा घाला. खटल्यात त्या वाक्याचं वजन बाकीच्या तिन्ही पत्रांपेक्षा जास्त भरतं, कारण मालकाला माणूस हवा होता हे तेच दाखवतं. दुसरं पत्र आणखी आठ-दहा दिवसांनी. तिसऱ्या पत्रात आरोप आणि खुलासा मागणं. तरीही उत्तर नाही, मग चौकशीची नोटीस.

पत्ता हा इथला खरा पेच. 'मु. पो. अमुक, ता. संगमेश्वर' एवढ्यावर पत्र पोचत नाही. एका गावात वरचीवाडी, खालचीवाडी, मधलीवाडी, आणि त्यात एकाच नावाचे चार जण, वडिलांची नावंही तीच. नोकरीवर घेतानाच वाडीचं नाव, घर क्रमांक, घरच्यांचा एक आणि शेजाऱ्याचा एक फोन नंबर घ्या. पत्र स्पीड पोस्टाने, शिवाय त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर, आणि शक्य असेल तर त्याच गावच्या दुसऱ्या कामगाराबरोबर एक प्रत, पोचेवर सही घेऊन. लिफाफा 'घर बंद' किंवा 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत आला तर तो फोडू नका. तसाच फायलीला लावा, कोर्टात तो बंद लिफाफाच बोलतो. माझ्या एका ज्युनिअरने कुतूहलाने सात लिफाफे फोडून बघितले होते. आत काय आहे हे त्यानेच लिहिलं होतं, तरी!

आणि मधेच माणूस आला तर? घ्या. रजेचा खुलासा लेखी घ्या, ताकीद द्या, कामावर घ्या. मालकाला हे गिळायला जड जातं, पण पत्रात 'हजर व्हा' लिहून गेटवर 'जा' म्हणणारा मालक मी वाचवू शकत नाही.

आंबा बागेतल्या नेपाळी कामगारांचं प्रकरण थोडं निराळं असतं. ते कुटुंबासकट बागेत राहतात, पैशाचा मोठा भाग हंगाम संपल्यावर हिशोबाने उचलतात, आणि निघाले की पत्ता उरत नाही. इथे पत्रांपेक्षा दरमहा हिशोब पुरा करणं हेच औषध आहे. वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचं असतं, आंबा मुंबईला पोचून पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) आल्यावर नव्हे.

पायरी पाचवी: चौकशी

चोरी, मारामारी, दारू पिऊन कामावर येणं यांत खातेनिहाय चौकशी करावी लागते. चौकशी चांगली झाली की नाही हे कशावरून ठरतं, ते १९६३ च्या सुर एनॅमल निकालात पाच मुद्द्यांत आहे: आरोप स्पष्ट कळवले, साक्षी त्याच्यासमोर झाल्या, उलटतपासणीची संधी दिली, त्याला स्वतःचे साक्षीदार आणता आले, आणि चौकशी अधिकाऱ्याने कारणांसह निष्कर्ष दिला. या पाच गोष्टी कागदावर दिसल्या पाहिजेत.

आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा, वस्तू, वजन लिहा. 'आपण नेहमी गैरवर्तन करता' याला काही अर्थ नाही. 'बारा तारखेला रात्री सव्वाआठला गेट क्रमांक दोनवर आपल्या डब्यात साडेतीन किलो सोललेली कोळंबी सापडली' याला आहे.

चौकशी अधिकारी कोण? मालकाचा भाचा नको, पंचनाम्याला हजर असलेला सुपरवायझर नको. बाहेरचा माणूस घ्या. आणि व्यवस्थापनाचा प्रतिनिधी म्हणून तुम्ही स्वतः बसू नका. तुम्ही वकील म्हणून बसलात की कामगारालाही वकील मागता येतो. १९८३ च्या मुंबई बंदराच्या नाडकर्णी प्रकरणापासून हे पक्कं आहे. मागे बसून प्रश्न लिहून द्या.

कामकाज मराठीत चालवा. प्रत्येक पानावर कामगाराची सही घ्या. नाही म्हणाला तर तसं नोंदवून दोन साक्षीदारांच्या सह्या. ओडिशाचा किंवा नेपाळचा माणूस असेल तर त्याला समजणारा दुभाषी बसवा आणि दुभाषी होता हे लिहा. निलंबित केलं असेल तर निर्वाह भत्ता पहिले नव्वद दिवस निम्मा, नंतर वाढीव, आणि तो वेळेवर द्या. भत्ता न देता चालवलेली चौकशी अर्ध्यातच मोडते. शेवटी अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्याचं म्हणणं मागवा, आणि मगच शिक्षेचा आदेश. अहवाल न देण्याची चूक करू नये म्हणून १९९३ चा करुणाकर निकाल आहे.

एक गमतीची, पण खरी गोष्ट. बडतर्फीचा आदेश आधी टाइप करून ठेवणारे अशील असतात. एकाच्या आदेशावर चौकशीच्या शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधीची तारीख पडली होती. त्या खटल्यात माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पायरी सहावी: पैसे आधी

शिस्तीचा प्रश्न नाही, काम कमी झालं म्हणून माणूस कमी करायचा आहे, तर ती छाटणी. वर्षाची सलग सेवा असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई, आणि सरकारला कळवणं. शेवटी आलेला आधी जातो, वगळायचं असेल तर कारण लिहा.

भरपाई ही छाटणीची पूर्वअट आहे. १९६० च्या हॉस्पिटल मजदूर सभा निकालापासून न्यायालयं हेच सांगत आली आहेत. माझ्या वकिलीच्या चौथ्या वर्षी एका कारखान्यासाठी, नाव सांगत नाही, मी अकरा जणांची पत्रं तयार केली. पत्रं सोमवारी दिली गेली. चेक गुरुवारी पोचले, कारण मालकाचे सहीवाले भाऊ ठाण्याला होते. हिशोब पैशापर्यंत बरोबर होता. अकराही जण परत आले. तेव्हापासून चेक माझ्या टेबलावर आल्याशिवाय पत्राची प्रिंट निघत नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी. शेवटचं वेतन १५,६०० रुपये आणि सेवा १२ वर्षं असेल तर २६ ने भागून रोजचे ६००, त्याचे पंधरा दिवस ९,०००, गुणिले १२, म्हणजे १,०८,००० रुपये. हा आकडा पहिल्याच भेटीत फळ्यावर मांडा. बऱ्याच मालकांना ग्रॅच्युइटी ही आपल्या मर्जीची बक्षिशी वाटते. आता तर काढल्यावर किंवा राजीनाम्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. 'गणपतीनंतर बघू' हे धोरण त्यात बसत नाही.

पायरी सातवी: तडजोड

सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर समेटाची बोलणी होतात तिथे वकिलाला प्रवेश नाही. तिथे मालकाने स्वतः किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जायचं. म्हणून आदल्या दिवशी त्याला तयार करा: काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही. 'ह्याला मी जन्मात घेणार नाही' हे वाक्य अहवालात गेलं की पुढची तडजोड महागते.

मी आकडा दोन भागांत काढतो. कायद्याने देणं आहे ते एका रकान्यात, त्यात घासाघीस नाही. दुसऱ्या रकान्यात खटला सात-आठ वर्षं चालून हरलो तर मागचा पगार किती, त्याचा अंदाज. बेकायदा बडतर्फीत मागील पगार हा नेहमीचा नियम मानला जातो, दीपाली सुरवसे यांच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते सविस्तर लिहिलं आहे, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेचं होतं. दुसरा रकाना बघितला की मालक शांत होतो. कोकणात तडजोड बहुतेकदा गावकीतला एखादा जाणता माणूस घडवतो. त्याला टाळू नका, पण त्याने देवळात ठरवलेलं कराराच्या कागदावर आणा, रक्कम बँकेतून द्या.

पायरी आठवी: कोर्ट आणि घाट

औद्योगिक वादात वकिलाला उभं राहायला समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते. पहिल्या तारखेला हे न बघणारे नवे वकील मी दरवर्षी पाहतो. बहुतेक वेळा कामगाराचाही वकील असतो, म्हणून निभावतं. पण नोंद करून घ्या.

उच्च न्यायालयासाठी आम्ही आयुष्यभर मुंबईला गेलो, आधी रात्रीच्या एसटीने, १९९८ पासून कोकण रेल्वेने. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे जोडले गेले. रायगड मुंबईलाच राहिला. म्हणजे महाडचा अशील असेल तर रेल्वे, खेडचा असेल तर घाट. पावसाळ्यात घाट बंद झाल्याची बातमी सकाळी सहाला येते, तेव्हा आदल्या दिवशी दुपारीच निघा.

तिथे जाण्याआधी अशिलाला एक गोष्ट लेखी कळवा. कामगाराला परत घेण्याच्या आदेशाला स्थगिती मिळाली तरी, तो दुसरीकडे कामाला नसेल आणि तसं प्रतिज्ञापत्र देईल, तर प्रकरण चालू असेपर्यंत त्याचा शेवटचा पगार दरमहा भरावा लागतो. जुन्या कायद्याचं १७-ब कलम. काम नाही, पगार चालू. हे ऐकून एखादा अशील फाईल उचलून निघून जातो. जाऊ द्या. श्रावण लागला की परत येतो, गणपतीच्या रजा कशा द्यायच्या हे विचारायला.